चोवीसवर थांबलेले पाणी

रविवार, १४ फेब्रुवारी १९८२, सकाळी साडेसात. अनगोळमधल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी ट्रक थांबला. माझ्या मित्राने वरून एक बादली दोन्ही हातांनी खाली दिली. तिच्या तोंडावर ओले गोणपाट बांधलेले होते. मागोमाग प्लास्टिकचे सहा कॅन उतरले. बादलीत समुद्रातले जीव होते आणि कॅनमध्ये समुद्राचे पाणी. निदान मी तसे समजलो.

मित्र बेळगावची भाजी ट्रकने गोव्यात नेत असे. आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलो होतो. मी दूध सोसायटीच्या केंद्रावर दूध तपासत असे.

आदल्या वर्षी सोसायटीच्या सहलीत गोव्याचा समुद्र पाहिला. ओहोटी होती. खडकातल्या एका खळग्यात पाणी अडकले होते. त्यात एक समुद्रफूल उघडत होते, मिटत होते, आणि शंख पाठीवर घेतलेला खेकडा त्याला वळसा घालून जात होता. मी पाहत उभा राहिलो. सोबतचे लोक मला सोडून निघून गेले. मला छंद असे कधी नव्हतेच. पण तसा एक खळगा घरात असावा, असे मी ठरवले.

कोल्हापूरच्या काचवाल्याकडून टाकी करून घेतली. हवेचा पंपही तिथूनच आणला. तळाशी घालायला शिंपल्यांचा चुरा धुऊन वाळवला. पत्नीने हे सारे मुकाट्याने पाहिले. पाण्याची गोष्ट निघाली तेव्हा मात्र तिला राहवले नाही.

"आवं, हितं प्यायचं पाणी दिवसाआड येतंय, आणि तुमी मासं बुडवायला गोव्यास्नं पाणी आणताय व्हय?"

मित्राला मी सगळे नीट सांगितले होते. खाडीच्या तोंडाशी भरू नकोस, तिथे नदीचे पाणी मिसळते. घरच्या मिठाने काम होत नाही, समुद्रात मिठाखेरीज पुष्कळ काही असते. खूण म्हणून माझ्याजवळचा दुसरा लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा दाटपणा दाखवणारी तरंगती काचनळी, त्याला दिला. केंद्रावर ज्या दुधात तो चोवीसवर थांबे, ते दूध पाणी घातलेले म्हणून मी परत पाठवीत असे. समुद्राच्या पाण्यातही तो चोवीसच्या आसपासच थांबतो. त्या वेळी आम्ही दोघेही यावर हसलो होतो.

टाकीत पाणी ओतले. मी लॅक्टोमीटर सोडला.

"चोवीस," मित्र म्हणाला. मी अजून वाकून पाहिलेही नव्हते.

चोवीसच होते. मग दगड रचले. एका दगडाला समुद्रफूल चिकटलेले होते, एकावर प्रवाळाचे बटणाएवढे ठिपके होते. शंखातला खेकडा सोडला, शेवटी दोन मासे. मित्र चहा घेऊन झोपायला घरी गेला. पत्नी टाकीसमोर येऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही.

दुपारी समुद्रफूल मिटले. पुन्हा उघडले नाही. एक मासा वर येऊन तोंड उघडू लागला आणि थोड्या वेळाने आडवा झाला. पंप चालू होता. पाणी गार होते. लॅक्टोमीटर चोवीसवर होता. दुसरा मासाही आडवा झाला. मी पुन्हा पाहिले. चोवीस.

हाताला काम हवे म्हणून रिकामे कॅन धुवायला घेतले. एक कॅन हलवताच आत काही खुळखुळले. तोंडाशी हात धरून तो कलता केला. तळहातावर खडेमीठ आले, ज्वारीच्या दाण्यांएवढे.

समुद्राच्या तळाशी खडेमीठ नसते.

मित्र घरच्या कट्ट्यावर बसला होता.

"ये की रं. मासं काय म्हणत्यात?"

मी मूठ उघडली. त्याने पाहिले आणि मान मागे टाकून हसला.

"आयला! समदं इरघळलं न्हाय व्हय?"

"पाणी कुठले?"

"खानापुरातल्या हिरीचं. परतीला नारळ भरलतो. भरलेलं कॅन कुठं ठेवू? रिकामं वर बांधून आणलं, नारळ उतरवलं आन् हिरीवर भरलं."

"आणि जीव?"

"ते खरंच कोळ्याकडनं आणलेत. आईची आण. त्यात खोटं न्हाय."

"मीठ कशाने मोजलेस?"

"तूच दिलतास की ते! घातलं, ढवळलं, बघितलं, परत घातलं. अर्धा तास खपलो मर्दा, तवा कुठं बराब्बर चोवीस. दुधात पाणी घालून वर साखर घालत्यात, तसं. तूच सांगितलतास न्हाय का?"

सांगितले होते. लोक दुधात पाणी कसे घालतात आणि आकडा कसा जागेवर आणतात, हे मी याच कट्ट्यावर बसून त्याला सांगितले होते. त्याने आळस केला असता, विसरला असता, तर मी सोसले असते. त्याने अर्धा तास मेहनत घेतली होती.

"लॅक्टोमीटर दे."

"दोन माशांसाठी रुसलास व्हय रं?"

"लॅक्टोमीटर."

तो आत जाऊन घेऊन आला. मी तो घेतला आणि निघालो. त्या कट्ट्यावर मी पुन्हा बसलो नाही.

घरी बादलीत मूळचे, खरे पाणी अर्धे शिल्लक होते. समुद्रफुलाचा आणि प्रवाळाचा असे दोन्ही दगड त्यात परत ठेवले. खेकड्याने पाय आत ओढून घेतले होते. तोही ठेवला. पंपाची नळी टाकीतून काढून बादलीत सोडली. मेलेले मासे कागदात गुंडाळून बाहेर नेले. मग टाकी उपसू लागलो. पत्नी तांब्या घेऊन आली.

"परसात ओतू का? नारळाला मीठ चालतंय म्हणत्यात."

"गटारात."

टाकी रिकामी झाल्यावर तिने विचारले, "आता?"

"उद्या पणजीची पहिली गाडी."

तिने भाकरी किती बांधू, एवढेच विचारले. मी दोन कॅन तीन वेळा धुतले, कानाशी धरून हलवून पाहिले, आणि उचलायला सोपे जावे म्हणून त्यांच्या मुठींना सुती दोरी बांधून दाराशी ठेवले.