फोडणीचा टॉवेल

कॅनडातल्या आमच्या घरात फोडणी हे दोघांचं काम आहे. बायको तेलात मिरची सोडते आणि मी छताच्या अलार्मखाली टॉवेल हलवत उभा राहतो. धूर तिथवर पोचला की अलार्म केकाटतो आणि खालच्या मजल्यावरची बाई तोंड वाकडं करून दारात येते. आता त्याचं काही वाटत नाही.

यंदा गावी, कोळवणला गेलो. आईनं आमटीला फोडणी दिली. चर्र झालं तसा मी उठलो, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि हलवायला लागलो. वर नुसता पंखा फिरत होता.

"माश्या झाल्यात व्हय?" आई म्हणाली. "ऱ्हाऊ दे, बस तू. पाव्हण्यानं कशाला हाकायच्या?"

मी टॉवेल दोरीवर टाकला आणि बसलो.