अण्णा ऑफ

मी बेळगावच्या कॅम्पातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. पंख्याचं बटण ऑफ, रिकामा तास ऑफ, मूड ऑफ, आठवड्याची सुट्टीही ऑफ. एवढं मी पोरांना सांगतो. आमच्या उचगावात मात्र माणूसही ऑफ होतो. 'वारला' म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून लोक आवाज खाली आणून म्हणतात, "काल ऑफ झालं बघ." हा अर्थ मी वर्गात कधी घेतला नव्हता. तो आमच्या घरी चालून आला.

माझे वडील, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, शेती बघून बेळगावात एका कारखान्याच्या गेटवर ड्युटी करतात. निपाणीची आत्या त्यांची धाकटी बहीण. तिच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत अण्णांचं नाव तिच्या दिरांच्या खाली छापलं गेलं आणि भावाबहिणीचा अबोला सुरू झाला. दोन वर्षं झाली. दोघंही माझ्याकडे एकमेकांची चौकशी करायची आणि "मी विचारलं म्हणून सांगू नकोस," असं बजावायची.

गेल्या मे महिन्यात एका गुरुवारी आत्यानं मन घट्ट करून अण्णांना फोन लावला. फोन बंद. गुरुवार अण्णांच्या सुट्टीचा, आणि त्या दिवशी ते फोनलाही सुट्टी देतात. हे तिला कुठलं माहीत? तिनं कारखान्याच्या गेटवर फोन केला. तिथं नवीन कानडी माणूस बसला होता. मराठी मोजकंच.

"अण्णा हायत काय?"

"अण्णा? अण्णा ऑफ."

"ऑफ? कवा?"

"सकाळपासनं."

आत्याच्या हातातून फोन पडला. आम्हाला फोन करून विचारावं, हेही तिला सुचलं नाही. तिच्या डोक्यात एकच बसलं, की भाऊ गेला आणि रागापोटी आम्ही तिला कळवलंसुद्धा नाही. ती जाऊबाईंना घेऊन मिळेल त्या बसनं निघाली. बेळगावला स्टँडजवळ हार घेतला आणि रिक्षा करून दुपारी आमच्या दारात उतरली.

"माझ्या अण्णा रंऽ! बहिणीला न सांगता गेलास रं!"

मी जेवणावरून उष्ट्या हातानं धावत बाहेर आलो. शेजारच्या बायका गोळा झाल्या. एकीनं तर काय झालं हे न विचारताच पदर डोळ्याला लावला. तेवढ्यात परसातून अण्णा आले. अंगात बनियन, मिशांना काळा कलप फासलेला, हातात त्याचाच ब्रश.

"कोण गेलं गं?" त्यांनी काळजीनं विचारलं.

आत्या पायरीवर मटकन बसली. मग उठली आणि हातातल्या हारानंच अण्णांच्या दंडावर दोन फटके हाणले. "तू! तू गेलास! गेटवरचा म्हनला, सकाळपासनं ऑफ!"

"मग खरंच की. आज माजा ऑफच हाय."

आत्या माझ्याकडे वळली. "शाळेत इंग्रजी तूच शिकवतोस न्हवं? एकाच शब्दात सुट्टीबी आनि मरानबी? काय शिकवतोस रं पोरांस्नी?"

मी इंग्रजांच्या वतीनं कान पकडले.

अण्णांनी तिला पुन्हा पायरीवर बसवलं आणि शेजारी बसले. कलप मिशीवरून ओठावर उतरत होता. खालच्या आवाजात म्हणाले, "लई रडलीस काय?"

"निपाणीपासनं," जाऊबाईंनीच उत्तर दिलं. "कंडक्टरनं तिकीटबी दोनदा इचारलं न्हाय."

"आनि फोन कशाला केलतीस?"

आत्या पदराशी चाळा करत राहिली. "आंबं आल्यात घरात. तुज्याबिगर गोड लागंनात."

अण्णांनी तिच्या हातातला हार घेतला, दोनचार फुलं गळाली होती ती वेचली. "आनलाईस तर वाया कशाला घालवायचा," म्हणत तो स्वतःच गळ्यात घातला. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. मघाशी रडलेली सगळ्यांत जास्त. आई मात्र चिडली. असल्या गमती तिला खपत नाहीत. तिनं हार उतरवायला लावला आणि अण्णांची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

आत्या चार दिवस राहिली. निघताना अण्णा रजा टाकून तिला स्टँडवर सोडायला गेले. बस हलली तरी ते खिडकीला हात लावून, काहीतरी सांगत, फलाटाच्या टोकापर्यंत चालत राहिले.