मी आलो की सारे मराठीत येत

आयुष्य इतिहास शिकवण्यात गेले. लिहायला मात्र मी निवृत्तीनंतर, तेही भीतभीतच बसलो आहे.

युरोपच्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटे तो डेन्मार्क आणि जर्मनी यांच्यामधला श्लेस्विगचा चिंचोळा मुलूख. दोघांनीही त्यावर हक्क सांगितला, युद्धे झाली, आणि पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या लोकांनाच विचारण्यात आले, तुम्ही कोणाचे? धाराशिवच्या महाविद्यालयात हे शिकवताना मी एका गोष्टीपाशी हटकून थांबे. घरात डॅनिश बोलणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी मत जर्मनीला दिले होते. माणूस आपल्यासमोर कोणती भाषा बोलतो, एवढ्यावरून तो कोण हे ठरवू नका, असे मी मुलांना बजावत असे.

गेल्या उन्हाळ्यात सीमेजवळच्या जळकोटला, धाकट्या बहिणीच्या घरी, भाचीला पाहायला कर्नाटकातल्या आळंदकडची मंडळी आली. मुलगा आणि भाची एकाच बँकेत. त्यांचे आधीच जुळले होते. उरली होती ती मुलाच्या आजीची पसंती. मामा म्हणून मला ओसरीवर पुढे बसवले होते.

मुलाचे वडील म्हणाले, "सर, आमच्या आईला कानडीशिवाय काय येत न्हाय. घरात तिच्याशी बोलणारं माणूस पायजे. पोरीला कानडी येतंय का?"

"नाही," मी म्हणालो. "या घरातली कानडी बहिणीच्या सासऱ्यांबरोबरच गेली."

सगळ्यांचे डोळे आजींकडे वळले. विषय सावरावा म्हणून मी श्लेस्विग सांगू लागलो. दोन भाषांची माणसे शेजारी कशी नांदतात, मतदान कसे झाले, वगैरे.

मुलाच्या वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. "तिथं सगळ्यांनी मतं टाकली, सर. हितं एकट्या आईचंच मत हाय."

मुलगा काहीतरी सांगू पाहत होता, पण वडीलधाऱ्यांपुढे संकोचून खाली पाहू लागला. तेवढ्यात भाची चहा घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा उतरलेला होता. तिने आतून सारे ऐकले असावे. माझ्याकडे न पाहता ती आजींपुढे बसली आणि कानडीत बोलू लागली. अडखळत नव्हे, भरभर. आजी काहीतरी म्हणाल्या, भाचीने उलट काहीतरी सुनावले, आणि आजी पदर तोंडाला लावून हसू लागल्या. तिच्यामागून आतून आलेले मेहुणेही त्यात सामील झाले.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो.

"काय सांगून बसलात, दादा!" बहीण दबक्या आवाजात म्हणाली. "आमी दिवसभर कानडीच बोलतो की."

"मग मला कधी ऐकू कसे आले नाही?"

"तुम्ही दारात आलात की आमी सगळे मराठीत येतो. तुम्हाला परकं वाटू नये म्हणून."

इतकी वर्षे त्या घराने मला जपले, आणि त्या जपण्यालाच मी त्या घराची भाषा समजलो. त्याच अज्ञानापायी भाचीचे लग्न मी मोडतच आणले होते.

ओसरीवर परतलो तेव्हा आजींनी मला काहीतरी विचारले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला एक शब्दही कळला नव्हता.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "त्या विचारतायत, लग्नात अंतरपाटापाशी माझ्यामागं तुम्हीच उभे राहणार ना?"

'होय'ला कानडीत काय म्हणतात, हे तिला विचारायचीही मला लाज वाटली. मी नुसती मान हलवली.