तासाभराचं विमान

हैदराबाद ते नांदेड, विमानाने एक तास. हे वाक्य आता मला ऐकवत नाही. मोबाईलला विचारलं की तो तेवढंच सांगतो, वर आकाशातलं अंतरही देतो, सरळ रेघ मारून. आमचं राणीसावरगाव त्या रेघेवर कुठंच नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळी चहा पिता पिता गेले. मी माहेरी आलेलीच होते. धाकटा भाऊ हैदराबादला नोकरीला. फोनवर हुंदके देत एवढंच म्हणाला, "अक्का, निघालोच. तासाचं विमान हाय. माझ्याबिगर माती करू नका."

शेजारी चुलते उभे. त्यांनी 'तासाचं' तेवढं धरलं. जन्मभर एसटीनं हिंडलेला माणूस; गंगाखेड तासाचं म्हणजे तासाभरात घरी, हा त्यांचा हिशोब. मी तोंड उघडायच्या आत देवळाच्या भोंग्यावरून गावाला सांगून मोकळे झाले, "पोरगं विमानानं यायलंय. माती बाराला."

झालं! बाराच्या आधीच मानवतचे, सेलूचे पाहुणे हजर. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून मातीत ठेवतात. आप्पांना भस्म लावून, हार घालून चौरंगावर बसवलं होतं. येणारा आधी त्यांच्या पाया पडायचा आणि मग मला विचारायचा, "कुठवर आलं विमान?" मी काय विमानाची कंडक्टर होते? भाऊ शहराच्या एका टोकाला, विमानतळ दुसऱ्या टोकाला. मग तिथल्या रांगा, तपासण्या. विमान दुपारचं, तेही उशिरा. आणि नांदेडहून पुढचा रस्ता तर विचारूच नका. हे किती जणांना समजावलं देव जाणे. शेवटी नुसतं "यायलाय, यायलाय" म्हणत राहिले. जीव लय थकला होता. बाप गेला आणि मला रडायलासुद्धा सवड नव्हती.

ऊन कललं तसे चुलते जवळ येऊन बसले. चेहरा पार उतरलेला. "बाई, आता थांबता येत न्हाई. दिवस बुडायच्या आत उरकावं लागंल. मीच उगं भोंग्यावर बोललो गं."

भावाला फोन लावला. बंद. म्हणजे विमानात बसला होता. त्याचा तो तास तेव्हा कुठं सुरू झाला होता.

"चला," मीच म्हणाले. ते कसं म्हणाले, माझं मला माहीत.

शेतात खड्डा तयार होता. आप्पांना आत बसवलं. एकेकानं मूठभर माती दिली, मीही दिली. मग वाकून आणखी एक मूठ उचलली आणि ती तशीच मिटून ठेवली. चुलत्यांनी ते पाहिलं. घरी आल्यावर बायका म्हणाल्या, "हात धू, चहा घे." चहा उजव्या हातानं घेतला. डावा पदराखाली ठेवला.

दिवेलागण होऊन गेल्यावर भाऊ आला. पाठीवर पिशवी, तिला विमानतळावरची चिठ्ठी लटकलेली. दारातच थबकला. रिकाम्या चौरंगाकडं बघत राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "विमान खरंच तासाचंच होतं गं."

मी त्याचा हात ओढला आणि घामानं चिकट झालेली माती त्याच्या तळहातावर सोडली.

"चल," म्हणाले, "तुझी राहिलीय."