उन्मळलेल्या स्प्रूसचा आडोसा

त्या जानेवारीत ब्रिटिश लष्करातलं आमचं इंजिनियर ट्रूप उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्दम्बरलंडच्या ट्रेनिंग कॅम्पवर होतं. मी कॉर्पोरल होतो, एका सेक्शनचा प्रमुख. वादळ झालं आणि फॉरेस्टमधली स्प्रूसची उंच सूचिपर्णी झाडं ओळीच्या ओळीनं आडवी झाली. खालच्या गावाचा रस्ता बंद झाला, वीज गेली. सकाळच्या ब्रीफिंगला हुकूम मिळाला: रस्ता मोकळा करा, लाकूड वाया घालवू नका. सरळ, जाड ओंडके सॉमिलला, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीला. वाकडे ओंडके आणि शेंडे सरपणाला.

लष्कर म्हटलं की लोकांना गोळीबार ऐकायचा असतो. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात हमखास विचारतात. मी इराकला गेलो होतो, पण तिथे मला साधं खरचटलंही नाही. जे झालं ते इथे झालं, सकाळच्या चहाच्या वेळेला.

काम थोडक्यात सांगतो. वाऱ्यानं झाड पडतं तेव्हा मुळं मातीसकट उपटून भिंतीसारखी उभी राहतात. त्याला रूटप्लेट म्हणतात. तिच्यामागे खड्डा पडतो. खोड मुळापाशी कापलं की वजन सुटतं आणि ती भिंत कधी कधी झटक्यात परत खड्ड्यात बसते. म्हणून नियम एकच. रूटप्लेटच्या मागे कोणीही जायचं नाही, आणि साइट सोडताना लुकआउटला, म्हणजे सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्याला, सांगायचं. हा नियम रोज सकाळी मीच सेक्शनला वाचून दाखवत होतो.

आमचा लुकआउट होता सॅपर, म्हणजे इंजिनियर दलातला साधा शिपाई, नील. श्रॉपशरचा. त्याच्या वडिलांची छोटी सॉमिल होती, त्यामुळे लाकूड त्याला उपजत कळायचं. पहिल्यांदा नाव ऐकल्यावर कॉव्हेंट्रीहून माझ्या आईनं फोनवर विचारलं होतं, "अरे, नील म्हणजे आपल्यातलाच का रे?" मी ते त्याला सांगितलं. तेव्हापासून तो मला मराठीत "काय पाटील?" म्हणायचा. मी पाटील नाही. पण त्याला तेवढंच येत होतं.

आता लाजेची गोष्ट. मी बारा वर्षांचा असताना साताऱ्याकडून इकडे आलो. आमच्याकडे लघवीला आडोसा लागतो. इथली पोरं ट्रकच्या चाकाशी उभी राहतात, तोंडानं गप्पा चालूच. मला ते कधी जमलं नाही. मी लांब जायचो, झुडूप बघून. सगळं ट्रूप चिडवायचं. "कॉर्पोरल मोहिमेवर निघाले, रेशन द्या रे बरोबर!" त्यामुळे कुठे चाललो हे मी कोणाला सांगत नसे. गुपचूप सटकायचो.

त्या सकाळी वारा नुसता कापत होता. चहा झाला. स्टाफ सार्जंट पुढच्या झाडाकडे वळले. साइटची तपासणी झाली, सगळे जागेवर. मग मी निघालो. रोज जायचो तितकं लांब जायचं जिवावर आलं. समोर एक रूटप्लेट होती, डोक्याहून उंच, आणि तिच्यामागे वारा अजिबात लागत नव्हता.

रेडिओ माझ्या खांद्यावर होता. तो मी स्वतः बारीक केला होता, कारण लघवीच्या वेळी कोणाशी बोलायला मला आवडत नाही.

रेडिओवर काय बोलणं झालं ते नंतर कळलं.

"सॉ टीम, क्लिअर?"

"क्लिअर."

"कटिंग."

सॉ, म्हणजे मोटरची करवत, सुरू झाली. मला आवाज आला, पण वाटलं पलीकडच्या झाडावर आहे. मग मुळांमधून करकर ऐकू आली. मी पँट सावरत वळलो. कडेनं नील धावत येत होता. त्याला माझं नारिंगी हेल्मेट दिसलं असणार. तो ओरडत होता. सॉच्या आवाजात मला काही कळलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी मला ढकललं. मी उताराला पालथा पडलो. मागे धप्प झालं, आणि वळून पाहिलं तर भिंत नव्हती. तिथे जमीन होती, तिच्यावर कापलेला बुंधा सरळ उभा, जणू झाड कधी पडलंच नव्हतं.

"मॅन डाउन! विंच आणा! विंच!"

हे मीच ओरडलो म्हणतात. मला आठवत नाही. विंचनं, म्हणजे तारेनं ओढायच्या यंत्रानं, प्लेट उचलली, मेडिक खाली उतरला. त्यानं वर पाहिलं आणि मान हलवली.

दुपारी मेजर साहेबांनी विचारलं, "कॉर्पोरल, तू मागे काय करत होतास?"

"लघवीला गेलो होतो, सर."

तंबूत कोणी हसलं नाही. वर्षभर ज्या गोष्टीवर सगळे हसत होते, तिच्यावर कोणी हसलं नाही. माझा हुद्दा गेला. तो जायलाच हवा होता.

नीलच्या वडिलांनी एकच मागणी केली. त्या झाडाचं खोड त्यांना हवं होतं. जंगल ज्यांच्या मालकीचं होतं त्या इस्टेटवाल्यांनी ते पाठवलं. त्यांनी स्वतःच्या मिलवर त्याच्या फळ्या काढल्या आणि गावातल्या चॅपलसाठी, म्हणजे छोट्या चर्चसाठी, बाक केला. उरलेल्या सालपट फळ्या सरपणासाठी रचून ठेवल्या. दोन हिवाळ्यांनी मला बोलावणं आलं. तोवर मी लष्कर सोडून ब्रॅकनेलला नोकरीला लागलो होतो. जाऊ नये असंच वाटत होतं. आई म्हणाली, "जा. बापानं बोलावलंय."

त्यांनी मला किचनमध्ये बसवलं. मी दाराजवळची खुर्ची घेतली. स्टोव्ह पेटलेला होता.

"नील फोनवर सांगायचा," ते म्हणाले. "आमचा कॉर्पोरल लघवीला अर्धा मैल जातो. त्याची आई आणि मी पोट धरून हसायचो." ते आताही थोडं हसले. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "मग त्या दिवशी लांब का नाही गेलास?"

आवाजात राग नव्हता. एवढी एकच गोष्ट त्यांना कळली नव्हती, म्हणून विचारत होते.

"थंडी होती," मी म्हणालो.

ते उठले, कोपऱ्यातून त्या झाडाची एक फळी उचलून स्टोव्हमध्ये टाकली आणि माझी खुर्ची हातानं पुढे ओढली.

"मग जवळ बस," म्हणाले.

मी स्टोव्हजवळ सरकून बसलो. लाकूड चांगलं वाळलं होतं, लगेच पेटलं. सॅपर नील, वय बावीस. त्याच्या घरची ऊब मी घेत होतो, आणि मान काही वर होत नव्हती.