पडदेवाल्या बाईंची साक्ष

पडदे शिवणाऱ्या त्या बाईंना गप्प बसणं माहीतच नव्हतं. माप घेताना गिऱ्हाइकाशी, शिवताना मशीनशी, कुणीच नसलं तर स्वतःशी बोलणं चालूच. नणंद म्हणायची, वहिनी झोपेतही अस्तराचा भाव सांगते.

एका दुपारी त्यांना नव्या इमारतीतल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये मापासाठी बोलावलं. दार उघडणारा माणूस नीटनेटका, बोलायला गोड. बाईंची जड पिशवीही त्यानंच आत नेली. बाई स्टुलावर चढून खिडकीला टेप लावताहेत, तोच मागे कडी लागली. वळून बघतात तर त्यानं कोट काढून व्यवस्थित घडी घातली, हातमोजे चढवले आणि रेडिओ मोठा केला.

"आता कितीही रड," तो म्हणाला.

बाई घाबरल्या. पण तोंड आपलं सवयीनं चालूच राहिलं. ऊन थेट येतं, अस्तर नसलं तर कापड विरेल, दांडी पितळी बरी की लाकडी? तो गडबडला. गप्प बस म्हणाला, तरी बाई थांबेनात. त्याचे हात थरथरायला लागले. तेवढ्यात बाईंनी टेपचं टोक पुढं केलं, "जरा धरा हे, त्या भिंतीपाशी."

आणि त्यानं ते धरलं! बाई उतरल्या, त्याच्या पायांत स्टूल लोटलं, कडी काढली आणि जिन्यावरून अशा किंचाळत सुटल्या की खालच्या मजल्यावरचे रंगारी धावत वर आले. त्यांनीच त्याला धरून ठेवलं.

मग सगळं बाहेर आलं. कामासाठी एकट्या घरोघरी जाणाऱ्या कितीतरी बायकांना त्यानं असंच बोलावून ठार मारलं होतं. कोर्टात मात्र तो शून्यात बघत बसायचा. त्याच्या वकिलाचं म्हणणं, याला वेडाचा झटका येतो, नंतर काही आठवत नाही.

त्याला तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंना ते पटलं नव्हतं. पुढं, साक्ष झाल्यावर, त्यांनी पडदेवाल्या बाईंना सांगितलं, "बायकांनी गयावया करावी आणि आपण ती ऐकावी, यातच त्याला गोडी. तुम्ही त्याचं ठरलेलं नाटकच मोडलंत."

साक्षीच्या दिवशी वकिलानं विचारलं, घाबरलेल्या माणसाला इतकं बारीकसारीक कसं आठवेल?

"घाबरले होते, म्हणूनच आठवतंय," बाई म्हणाल्या. कोटाची घडी, हातमोजे, रेडिओ, सगळं त्यांनी क्रमानं सांगितलं. "आणि शेवटी त्याचे हात लटलटत होते. माझ्यापेक्षा तोच जास्त भ्याला होता."

इतके दिवस दगडासारखा बसलेला तो माणूस ताडकन उठला. "खोटं बोलते ही! त्या दिवशी माझे हात अजिबात थरथरले नाहीत!"

त्याच्या वकिलानं डोळे मिटून घेतले.

जन्मठेप झाली. बाहेर व्हरांड्यात मेलेल्यांपैकी एकीची आई बाईंजवळ आली. माझ्या लेकीला असं काही सुचलं नसेल का, एवढंच तिनं विचारलं.

"मावशी, तिचं काहीच चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "मला फट सापडली, तिला त्यानं ठेवलीच नसेल. चुकला तो, आणि आज ते सगळ्यांनी ऐकलं."

म्हातारीनं पदरानं डोळे कोरडे केले, पाठ ताठ केली आणि बाईंचा हात धरून पुढच्या मोठ्या दारातून, कॅमेऱ्यांच्या समोरून, मान वर करून चालत निघाली.