उजवीकडचं दुखणं

१४ जानेवारी १९८४, संक्रांतीचा दिवस. रक्कम एकावन्न रुपये. ठिकाण आमच्या घराचा ओटा. हजर चौघे: भागवतनाना, त्यांच्या पत्नी इंदुकाकू, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर कांबळेबाई आणि मी. मी आयुष्यात लावलेली ही एकमेव पैज, म्हणून तपशील पक्का लक्षात आहे.

पैज लागली तेव्हा नाना तिळाची वडी खात होते. म्हणजे वडी फोडून तीळ नखानं वेगळे करत होते आणि नुसता गूळ तोंडात टाकत होते. ताटलीच्या कडेला तिळांचा लहानसा ढीग झाला होता. तिळात तेल असतं, आणि तेल नानांना वर्ज्य होतं. गूळ चालत होता. चालत होता कसला, त्यांच्या लेखी तो औषध होता. तीन वड्यांचं औषध पोटात गेल्यावर त्यांनी चौथी मागितली. कांबळेबाई मूळच्या परंड्याच्या, आमच्या केंद्रात येऊन त्यांना दोन महिने झाले होते. माझ्या पत्नीनं त्यांना तिळगुळाला बोलावलं होतं. त्यांनी नानांची चौथी वडी पाहिली, पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि नानांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. एकशे ऐंशी, एकशे दहा. पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं. तेच.

बाईंनी उस्मानाबादला जाऊन हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घ्यायला सांगितलं. नानांनी अत्यंत अदबीनं नकार दिला.

"बाई, माझं दुखणं उजवीकडचं हाय. डावीकडं आपला काय संबंध न्हाय."

बाई म्हणाल्या, दोन्हीकडं रक्त एकच फिरतं. नाना म्हणाले, तसं तर गावात पाणीही एकच फिरतं, म्हणून काही पाटलाच्या घरचं भांडण आमच्या घरी येत नाही. शेवटी त्यांनीच पैज मांडली. डावीकडं काही निघालं तर नानांनी एकावन्न रुपये द्यायचे, नाही निघालं तर समोरच्यानं. सरकारी नोकरीतल्या बाईंना पैज लावता येईना, म्हणून त्यांच्या बाजूनं मी उभा राहिलो.

नानांचं उजवीकडचं दुखणं मात्र खरं होतं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं, त्यावर नाना हजेरी मांडायला होते. तिथं एक दिवस कॉलऱ्याची सुई द्यायला माणसं आली. पावणेदोनशे मजूर रांगेत आणि सुई एक. ती मधूनमधून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली जाई, एवढंच. दोन-तीन महिन्यांनी रांगेतल्या काही जणांना कावीळ झाली. बाकीचे बरे झाले, नानांची कावीळ उतरली आणि परत आली. सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांना एका कागदावर पथ्य लिहून दिलं: संपूर्ण आराम, उसाचा रस, ग्लुकोज, गूळ, तेल-तूप बंद, बरे होईपर्यंत. नंतर कधीतरी रक्त पुण्याला तपासायला गेलं, तेव्हा निकाल आला की काविळीचा विषाणू रक्तातून गेलेला नाही, बहुधा आयुष्यभर जाणारही नाही.

आता नानांचा हिशेब बघा. पथ्य बरे होईपर्यंत. बरं तर कधीच व्हायचं नाही. म्हणजे पथ्य कायमचं. मीही आकडेमोडीतला माणूस, गावच्या कर्ज सोसायटीचा सचिव म्हणून पंधरा वर्षं काढलेला. या हिशेबात मला कधी चूक सापडली नाही.

अकरा वर्षं त्यांनी तो कागद अक्षरशः पाळला. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ते कारकून होते. उसाच्या गाड्या काट्यावर यायच्या आणि नाना खुर्चीत बसून आकडा लिहायचे. एखाद्या शेतकऱ्यानं चहा पुढं केला तर कपाकडं बघायचेसुद्धा नाहीत. एका बागायतदारानं वजन थोडं पुढं ढकलायला सांगितलं, तर त्याची गाडी त्यांनी तीनदा काट्यावर चढवली आणि तीनदा तोच आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. पण रोज दुपारी दोन ग्लास रस प्यायचे, तोही विकत. आराम संपूर्ण हवा म्हणून घरापासून कारखान्याच्या गाडीच्या थांब्यापर्यंतची सहाशे पावलं ते कधी चालले नाहीत. काकूंचा भाऊ त्यांना सायकलच्या मागं बसवून न्यायचा. पुढं पुढं सायकलची मागची ट्यूब महिन्याला फुटू लागली.

दर दिवाळीला ते कारखान्यातल्या पोत्यांच्या काट्यावर स्वतःला तोलायचे. त्र्याहत्तर साली चोपन्न किलो, त्र्याऐंशी साली शहाऐंशी. हा चढता आकडा ते सगळ्यांना अभिमानानं सांगत. "लिव्हर भरून यायलंय," म्हणत. काकू म्हणायच्या, "लिव्हर पाठीकडूनबी भरून आलंय व्हय?"

हसण्याच्या भरात एक गोष्ट मात्र सांगायची राहू नये. स्वतःच्या रक्ताच्या बाबतीत नाना कमालीचे काटेकोर होते. न्हाव्याकडं जाताना स्वतःचा वस्तरा पत्र्याच्या डबीत घेऊन जायचे. न्हाव्याला त्याचा फार राग. माझ्या हत्यारानं कुणाची मान कापली का, असं तो चारचौघांत विचारायचा. नाना शांतपणे सांगायचे, "तुज्या वस्तऱ्याला भेत न्हाय रे, माज्या रगताला भेतो." आरोग्य केंद्रात इंजेक्शन घ्यायची पाळी आली तर ते रांगेत शेवटी उभे राहत. आपलं झालं की सुई उकळत ठेवायला लावत आणि वीस मिनिटं घड्याळ बघत तिथंच बसून राहत. पाणी टँकरनं येत होतं त्या दिवसांतही त्यांनी हे सोडलं नाही. उलट घरून तांब्याभर पाणी घेऊन जात. कंपाउंडर वैतागून म्हणाला, "नाना, तुमचं तर टोचून झालं की. आता कशाला बसलाय?" नाना म्हणाले, "माज्यासाठी न्हाय बसलो. माज्यामागं जो टोचून घेणार हाय, त्याच्यासाठी बसलोय."

पैजेनंतर महिनाभरानं, फेब्रुवारीत, सोसायटीच्या वसुलीसाठी मी कारखान्यावर गेलो होतो. सकाळचे साडेअकरा. काट्यापुढं गाड्यांची रांग लागलेली. खिडकीतून नानांना हाक मारली आणि तिथंच थबकलो. थंडीचे दिवस असून सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती. डावा हात मांडीवर तसाच पडला होता, उजव्या हातानं ते आकडे लिहीत होते. चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा.

काय होतंय, मी विचारलं. त्यांचा उजवा हात छातीच्या मध्यावर गेला, तिथून डावीकडं सरकला. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, त्यांना पैज आठवली, आणि हात सावकाश उजव्या बरगडीखाली आणून ठेवला.

"इथं," म्हणाले. "नेहमीचंच हाय. बारा गाड्या ऱ्हायल्यात, त्या झाल्यावर बघू."

मी पुष्कळ सांगितलं. कांबळेबाईंचं नाव काढलं, काकूंचं काढलं. प्रत्येक वाक्यागणिक त्यांचा हात उजव्या बरगडीवर अधिकच घट्ट बसत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस एकावन्न रुपयांसाठी नाही, आपला अकरा वर्षांचा हिशेब खोटा ठरू नये म्हणून मरायला तयार आहे. आणि त्यांच्यासारख्याला खोट्या हिशेबापेक्षा मरण सोपं वाटणार, हे मला माहीत होतं, कारण मलाही तसंच वाटलं असतं.

मी खिशातून पाकीट काढलं. वसुलीचे पैसे निराळ्या पिशवीत होते, ते नव्हेत, माझे स्वतःचे. पन्नासाची एक नोट आणि एक रुपया नानांच्या वहीवर ठेवला.

"पैज मी हरलो, नाना. दुखणं उजवीकडचंच आहे. पण लिव्हरनं एवढा घाम आणला म्हणजे प्रकरण साधं नाही. सोलापूरला आत्ता दाखवायला हवं."

नानांनी पैसे मोजले, खिशात ठेवले आणि उठले. काट्याच्या किल्ल्या मदतनिसाच्या हातात दिल्या, शेवटच्या गाडीचा आकडा त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, मगच कारखान्याच्या जीपमध्ये बसले. वाटेत काकूंना घेतलं. बाईंना निरोप गेला होता, त्या केंद्राच्या दारात उभ्याच होत्या. त्यांनी नानांच्या जिभेखाली गोळी ठेवली आणि त्याही जीपमध्ये चढल्या. सोलापूर येईपर्यंत नाना एकदाच बोलले, गोळी गोड नाही म्हणून.

हृदयविकाराचा झटका होता. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. आठव्या दिवशी त्यांनी सगळे रिपोर्ट पुढं घेऊन नानांची झडती घेतली. कावीळ होती तेवढीच होती, यकृत बऱ्यापैकी तग धरून होतं. पण रक्तदाब वाढलेला, रक्तात साखर, रक्तवाहिनीत अडथळा. इतकं गोड खायला आणि इतकं बसून राहायला तुम्हाला सांगितलं कुणी, असं डॉक्टरांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. नानांनी उशीखालून घडीचा कागद काढून दिला.

डॉक्टरांनी तो वाचला, तारीख पाहिली. "अहो, हा अकरा वर्षांपूर्वीचा आहे."

"व्हय. मग मी बरा कवा झालो?"

डॉक्टरांनी कागदाची पुन्हा घडी घातली. मग खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी नानांना पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं, की ते पथ्य अंगावरच्या पिवळ्या काविळीपुरतं, काही आठवड्यांचं होतं. रक्तात मुक्काम केलेला विषाणू रसानं जात नाही आणि आरामानंही जात नाही. त्याला दारू, भलतीसलती औषधं चालत नाहीत, बाकी वेळोवेळी तपासत राहायचं. आणि तो असला म्हणून हृदयाला सुट्टी मिळत नाही. त्यांनी नवा कागद लिहिला: रोज चालणं, मीठ कमी, साखर-गूळ बंद, गोळ्या वेळेवर. नानांनी तो दोनदा वाचून परत केला.

"कवापर्यंत, ते लिवा. मागल्या खेपेला त्यानंच घोटाळा केला."

डॉक्टरांनी लिहिलं: जिवंत असेपर्यंत.

डिस्चार्ज मिळून घरी आल्यावर नानांनी मला बोलावून एकशे दोन रुपये हातात ठेवले. एकावन्न माझे परत, एकावन्न पैजेचे. मी पैजेचे नको म्हणालो, तर बागायतदाराची गाडी तीनदा काट्यावर चढवली तेव्हाच्या नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पैसे घेतले. पुढच्या संक्रांतीला ते सहाशे पावलं मोजत थांब्यापर्यंत जाऊन मग आमच्या ओट्यावर आले. वडी फोडली, तीळ खाल्ले आणि गुळाचा ढीग ताटलीच्या कडेला ठेवला.

असं त्यांनी नऊ वर्षं केलं. शहाऐंशीचे अडुसष्ट किलो झाले. काकूंच्या भावानं सायकल विकली. वस्तरा डबीतच राहिला, आणि न्हावी मात्र हळूहळू प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं लावू लागला.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटात पाणी झालं. यकृत थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय अजून ठणठणीत आहे. नाना घरीच गेले, सकाळी, काकूंच्या हातचा चहा बिनसाखरेचा आहे का हे विचारून.

तेराव्यानंतर काकू आमच्याकडं आल्या. त्याच ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, जायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक निरोप ठेवलाय, तो तसाच सांगायचाय.

"सेक्रेटरीला म्हणावं, नेलं उजवीकडच्यानंच. हिशेब पुरा कर."

मी आत जाऊन पैसे आणले. काकूंनी मोजून पदराला बांधले आणि विचारलं, आरोग्य केंद्राला द्यायला सुया उकळायचं झाकणाचं भांडं बाजारात केवढ्याला येतं.

रक्कम एकावन्न रुपये. दिली मी. मिळाली इंदुकाकूंना.